जुनी अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे हमखास नफा? मुळीच नाही

जुन्या गाड्या जमवणाऱ्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी अमेरिकन अ‍ॅम्ब्युलन्स फारशी पळालेली नसते, सुटे भाग सहज मिळतात, सिनेमामुळे मागणी कायम असते, प्रसिद्ध घटनेशी नातं असेल तर भाव आभाळाला भिडतो, आणि काहीच जमलं नाही तर दिवे-भोंगे सुटे विकून पैसे निघतात. या गाड्यांवर माझा जीव आहे. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

‘फारशी पळालेली नसते.’ काट्यावरचा आकडा बऱ्याचदा खरा असतो, हे मान्य. १९६६ च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार अमेरिकेतली जवळपास निम्मी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुमारे १२,००० अंत्यविधी व्यावसायिक चालवत होते. लहान गावात अशी गाडी बराच काळ गॅरेजमध्येच असायची. पण बोलावणं आलं की थंड इंजिन सुरू करून लगेच पूर्ण वेग, आणि पोहोचल्यावर दिवे-रेडिओसाठी इंजिन तसंच चालू. ही झीज काट्यावर उमटत नाही. निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक जाम होतात, टाकी आतून गंजते. छताला दिव्यांसाठी पाडलेल्या भोकांतून पाणी झिरपतं आणि पत्रा आतल्या बाजूने खातं. म्हणून आधी छताचं अस्तर बघा, इंजिन नंतर.

‘कॅडिलॅकच आहे, भाग कुठेही मिळतात.’ हे अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीच्या गाडीवर बांधलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सबद्दल. इंजिनाचे मिळतात. १९५९ च्या गाडीत ३९० घनइंची व्ही-८ असायचं, तेच साध्या कॅडिलॅकमध्येही होतं. पण साध्या सेडानचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १३० इंच, आणि रुग्णवाहिका-शववाहिकांसाठीच्या खास चासीचा (खालच्या सांगाड्याचा) १५६. पुढच्या दारांमागचं जवळजवळ सगळं मिलर-मीटियर, सुपीरियर यांसारख्या बॉडी बांधणाऱ्यांनी घडवलेलं. मिलर-मीटियरचं मूळ काम १९७९ मध्ये थांबलं, पॅकार्ड कंपनीच्या गाड्यांवर बॉडी बांधणारी हेनी तर त्याच्या कितीतरी आधी बंद पडली. मागच्या बाजूची एक लांब काच फुटली, तर ती मिळेपर्यंत किंवा करून घेईपर्यंत गाडी तशीच उभी.

सिनेमाचं म्हणाल, तर १९८४ च्या ‘घोस्टबस्टर्स’मधली गाडी १९५९ ची मिलर-मीटियर कॅडिलॅक होती. मागणी त्या रूपाला आहे. त्या झळाळीच्या भरवशावर सत्तरच्या दशकातली व्हॅन घेणाऱ्याला तिचं गिऱ्हाईक वेगळं शोधावं लागतं.

आता इतिहासाचा मुद्दा. सगळ्यात मोठी फसगत इथे होते. जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात १९६३ ची एक पाँटिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्स १,२०,००० डॉलरच्या बोलीवर गेली. हत्या झालेले अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मृतदेह अँड्र्यूज विमानतळावरून बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात नेणारी गाडी हीच, असा दावा होता. विक्रीआधीच त्यावर शंका घेतल्या गेल्या होत्या. खरी गाडी केनेडी ग्रंथालयाकडे गेली होती आणि १९८६ मध्ये ती चिरडून नष्ट केली गेली, याची छायाचित्रं आहेत. त्याच वर्षीची, त्याच मॉडेलची दुसरी गाडी ‘तीच’ ठरत नाही. दाराआडची पाटी आणि बॉडी बांधणाऱ्याचा क्रमांक यांचा मेळ सेवेच्या नोंदींशी बसला, तरच गोष्टीचे पैसे द्या. तो बसत नसेल तर गाडी आवडली म्हणून खुशाल घ्या, पण गाडीच्या भावाने.

शेवटचा सल्ला मला सर्वांत जास्त सलतो: दिवे आणि भोंगा काढून सुटे विका. अमेरिकेत बऱ्याच गाड्या दुहेरी कामाच्या असत, कधी रुग्णवाहिका, कधी शववाहिका. छतावरचा दिवा निघायचा, जमिनीतले शवपेटी सरकवायचे रूळ उलटले की सपाट पत्रा वर यायचा आणि तिथे स्ट्रेचर राहायचं. दिवा, स्ट्रेचर आणि ते अडकवायचे हुक गेले, की गाडी दुहेरी कामाची होती हे दाखवायला फारसं काही उरत नाही. पुढचा मालक दुसऱ्याच गाडीचा दिवा आणून बसवतो आणि त्यासाठी छताला नवी भोकं पाडतो. विकायचीच असेल तर सगळं सामान, जुने फोटो आणि फेऱ्यांची वही गाडीसोबत एकाच हाती द्या. वहीतली पानं सुटी विकणारेही मी पाहिले आहेत.