चाकांचा सेट बदलला की दर वेळी सेन्सर ‘प्रोग्रॅम’ करावे लागतात? नाही.

उन्हाळी आणि हिवाळी टायरांचे दोन वेगळे सेट ठेवणाऱ्यांमध्ये एक मजकूर दर मोसमात फिरतो. तो थोडक्यात असा: चाकांचा सेट बदलला की हवेचा दाब मोजणारे चारही सेन्सर नव्याने प्रोग्रॅम करावेच लागतात. हे काम कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय कुठेही होत नाही. खर्च टाळायचा असेल तर बॅटरीचं टर्मिनल थोडा वेळ काढून ठेवा, सगळं आपोआप जुळतं. तेही जमत नसेल तर दुसऱ्या सेटमध्ये सेन्सर बसवूच नका, डॅशबोर्डवर टायरच्या दाबाचा एक पिवळा दिवा पेटला म्हणून काही बिघडत नाही. यातला शेवटचा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. पण एकेक मुद्दा क्रमाने घेऊ.

पहिली गोष्ट, सगळ्याच गाड्यांच्या चाकांत सेन्सर नसतात. बऱ्याच गाड्यांत दाब थेट मोजलाच जात नाही. एबीएससाठी (ब्रेक मारताना चाकं अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेसाठी) प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो, त्यावरूनच अंदाज बांधला जातो. हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित घटतो, त्यामुळे ते चाक इतरांपेक्षा जास्त फेरे मारतं आणि गाडी इशारा देते. अशा गाडीत दुसरा सेट चढवल्यावर प्रोग्रॅम करण्यासारखं काही नसतंच. चारही टायरांत नेमकी हवा भरायची आणि मेनूतून किंवा बटण दाबून रीसेट करायचं, एवढंच काम. फक्त हवा आधी भरायची, रीसेट नंतर. हवा कमी असताना रीसेट केलं तर गाडी तोच कमी दाब योग्य धरून बसते. तेव्हा कुणी या कामाचे पैसे मागितले, तर आपल्या गाडीत नेमकी कुठली पद्धत आहे ते आधी मालकाच्या पुस्तिकेत बघा.

आता ज्या गाड्यांच्या चाकांत खरोखर सेन्सर आहेत त्यांच्याकडे वळू. खरा घोळ इथेच होतो. टायर रिमवरून उतरवला की व्हॉल्व्हच्या बुंध्याला प्लॅस्टिकचा एक छोटा, हलका डबा दिसतो. त्याला एक बारीक छिद्र असतं, त्यातून तो दाब मोजतो. आत लिथियमचा सेल असतो, तोही रसायनात पक्का गाडलेला, म्हणजे बदलता न येणारा. डब्यावर एक क्रमांक छापलेला असतो, तो त्या सेन्सरचा आयडी. चाक फिरू लागलं की सेन्सर जागा होतो आणि ठरावीक अंतराने रेडिओवरून हा आयडी, दाब आणि तापमान पाठवत राहतो. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांसाठी ही वारंवारता ३१५ मेगाहर्ट्झ असते, युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झ.

गाडीच्या कंट्रोल युनिटकडे, म्हणजे हे सिग्नल ऐकणाऱ्या छोट्या संगणकाकडे, आपल्या चार सेन्सरांच्या आयडींची यादी असते. यादीबाहेरचा आयडी ते ऐकत नाही, नाहीतर शेजारून जाणाऱ्या गाडीच्या टायरचा दाब आपल्या डॅशबोर्डवर दिसला असता. चाकांचा सेट बदलला की बदलते ती ही यादी. सेन्सरच्या आत काहीही बदलत नाही आणि बदलण्याची गरजही नसते. गाडीला नव्या चार आयडींची ओळख करून देणं याला रीलर्न म्हणतात. सेन्सर प्रोग्रॅम करणं हे काम वेगळं: कोऱ्या युनिव्हर्सल (वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालणाऱ्या) सेन्सरमध्ये आपल्या गाडीला समजेल असा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशाची भाषा, भरणं. असा सेन्सर विकत घेतला तर ते एकदाच करायचं असतं. गाडीच्या कंपनीचा मूळ सेन्सर घेतला तर तेही नाही. ही दोन कामं एक समजल्यामुळेच दर सहा महिन्यांनी प्रोग्रॅमिंगच्या नावाखाली पैसे भरले जातात.

रीलर्नसाठी सर्व्हिस सेंटर लागतंच का? ते गाडीवर अवलंबून आहे, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. अनेक गाड्या नवे आयडी स्वतःच शिकतात. गाडी थोडा वेळ उभी ठेवायची, मग पंधरा-वीस मिनिटं चालवायची. रस्त्यावर इतर गाड्यांचे सिग्नल येतात आणि मागे पडतात, सतत सोबत राहतात ते आपलेच चार. त्यावरून कंट्रोल युनिट त्यांना ओळखून यादीत घेतं.

दुसरी पद्धत उभ्या गाडीत करायची. मेनूतून किंवा चावीच्या ठरावीक क्रमाने गाडी शिकण्याच्या स्थितीत न्यायची, मग हातात मावणारं एक ट्रिगर टूल प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरायचं. ते १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडून झोपलेल्या सेन्सरला उठवतं. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत सुरुवात पुढच्या डाव्या चाकापासून होते, मग पुढचं उजवं, मागचं उजवं आणि शेवटी मागचं डावं. प्रत्येक चाकाला हॉर्न वाजला की पुढच्याकडे जायचं. क्रम चुकला तर दिवा विझेल, पण डॅशबोर्डवर डाव्या चाकाचा दाब उजव्याच्या जागी दिसेल. पंक्चर झाल्यावर आपण भलत्याच टायरपाशी वाकून बसलेले असू. हे काम टायरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात होतं, आणि टूल घेतलं तर घरीही.

तिसरी पद्धत ओबीडी पोर्टची, म्हणजे गाडीच्या संगणकाला तपासणीचं यंत्र जोडायच्या सॉकेटची. स्कॅन टूलने चारही आयडी थेट कंट्रोल युनिटमध्ये लिहावे लागतात. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत हीच वाट आहे. इथे साधं ट्रिगर टूल पुरत नाही आणि गाडी चालवूनही काही होत नाही, ही त्या दाव्यातली खरी बाजू मान्य करायला हवी. पण तरीही असं टूल अधिकृत सेंटरखेरीज इतर गॅरेजांतही असतं.

शिवाय दर मोसमात रीलर्न करायचीही गरज राहू नये, असे दोन मार्ग आहेत. टोयोटा आणि लेक्ससच्या काही गाड्यांत आयडींच्या दोन याद्या साठवता येतात. दोन्ही सेट एकदा नोंदवले की पुढे मेनूतून किंवा बटणाने पहिला की दुसरा एवढंच निवडायचं. बाकीच्यांसाठी क्लोनिंग. दुसऱ्या सेटच्या युनिव्हर्सल सेन्सरमध्ये पहिल्या सेटचेच आयडी उतरवून घ्यायचे. गाडीच्या दृष्टीने चाकं बदललेलीच नसतात. दोन सेट वर्षानुवर्षं वापरणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन. पथ्यं मात्र दोन. उतरवलेल्या चाकांवर आतल्या बाजूने खडूने ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ असं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी प्रत्येक चाक आपल्याच जागी जाईल. आणि उतरवलेला सेट त्याच गाडीत घालून फिरू नका. हलल्यावर तेही सेन्सर जागे होतात आणि एकाच आयडीचे दोन वेगळे दाब गाडीला ऐकू येतात.

बॅटरीचं टर्मिनल काढण्याबद्दल फार बोलायची गरज नाही. आयडींची यादी वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते. टर्मिनल काढल्याने ती पुसत नाही, आणि समजा पुसली असती तरी नवे आयडी तिथे आपोआप आले नसते. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग मात्र जाऊ शकतात. स्वतः शिकणाऱ्या गाडीच्या मालकाने टर्मिनल काढलं, जोडलं, गाडी चालवली आणि दिवा विझला, तर श्रेय टर्मिनलला मिळतं. काम चालवण्याने झालेलं असतं.

आता तो शेवटचा सल्ला. सेन्सर बसवूच नका, किंवा त्याहून वाईट म्हणजे चारही सेन्सर हवा भरलेल्या बंद पाइपात घालून डिक्कीत ठेवा. दुसऱ्या युक्तीने दिवा खरंच विझतो. पण गाडी त्या पाइपातला दाब वाचत राहते आणि रस्त्यावरचा टायर रिकामा होत असला तरी डॅशबोर्ड सगळं ठीक असल्याचं सांगतो. टायरच्या दाबाचा इशारा देणारी ही यंत्रणा सक्तीची का झाली ते आठवा. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनचे लाखो टायर परत मागवावे लागले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोररवर होते. टायर फाटून आणि गाड्या उलटून अडीचशेहून अधिक माणसं गेली. कमी हवेवर पळणारा टायर जास्त वाकतो, तापतो आणि त्याचे थर सुटू लागतात. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ट्रेड (TREAD) नावाचा वाहनसुरक्षेचा कायदा केला. त्यातून आलेल्या नियमानुसार दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्के खाली गेला की गाडीने इशारा देणं बंधनकारक झालं. युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा लागते. ज्या मोसमात रस्ता निसरडा असतो, नेमक्या त्याच मोसमाच्या टायरांतून ती काढून टाकायला सांगणारा सल्ला मला कुठल्याही कारणाने पटू शकत नाही.

दिवा काय सांगतोय तेही ओळखायला हवं. गाडी सुरू केल्यावर तो साधारण मिनिटभर लुकलुकून मग पेटलेलाच राहिला, तर यंत्रणेत दोष आहे, म्हणजे सेन्सर सापडत नाही किंवा त्याचा सेल संपलाय. पहिल्यापासून स्थिर पेटला, तर हवा कमी आहे. हिवाळी सेट चढवल्यावर पुष्कळदा हा दुसरा प्रकार असतो. तापमान ३० अंशांवरून शून्यावर आलं तर ३३ पीएसआयचा टायर २८च्या आसपास येतो. तिथे रीलर्न करून उपयोग नाही. टायर थंड असताना हवा भरा, काम झालं.

दुसरा सेट घेताना मात्र एक तासाची काळजी पुढची अनेक वर्षं वाचवते. सेन्सरची वारंवारता आपल्या गाडीचीच आहे ना ते बघा, कारण ३१५ची गाडी ४३३चा सेन्सर ऐकूच शकत नाही, मग कितीही वेळा शिकवा. टायर चढवण्याआधी चारही आयडींचा फोटो काढून ठेवा, म्हणजे ओबीडीतून लिहायची वेळ आली तर टायर उतरवावा लागणार नाही. आणि सेन्सर जुने असतील तर वय विचारा. सेलचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं असतं. सात-आठ वर्षं चाललेला सेन्सर नव्या टायरच्या आत बसवण्यात अर्थ नाही, तो बदलायला तोच टायर पुन्हा उतरवावा लागेल.