उपाशीपोटी पळणाऱ्या पोरांसाठी

मागच्या मार्चमधली गोष्ट. पहाटे भाच्याला मैदानावर सोडायला गेले होते. पोलीस भरतीची तयारी करणारी पन्नासेक पोरं-पोरी तिथे रोज येतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. तिसऱ्याच राऊंडला आमचा पोट्टा कडेला बसला. ओठ पांढरे, अंगाला गार घाम, हात कापताहेत. शेजारच्या एका मुलीने ओढणीच्या गाठीतून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. दहा मिनिटांनी तो बोलता झाला. "काय खाऊन आला होतास रे?" तर म्हणे, "मावशी, चहा घेतला ना."

मग मी बाकीच्यांनाही विचारत गेले. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडून येऊन इथे नागपुरात खोली करून राहणारी पोरं. मेसचं जेवण रात्री आठला, त्यानंतर पोटात काही पडतं ते सकाळी दहाला. चौदा तास! त्यातले दोन तास मैदानावर. वर कोणीतरी डोक्यात भरवून दिलंय, की उपाशी पळालं की स्टॅमिना वाढतो. याचा मला मनापासून राग येतो.

आपण झोपतो, पण मेंदू झोपत नाही. त्याला रात्रभर साखर पुरवतं ते यकृत, आणि पहाटेपर्यंत त्याचा साठा बराच उतरलेला असतो. फुटाळा तलावावर अर्धा तास रमतगमत फिरणाऱ्या धडधाकट माणसाला त्याने फरक पडत नाही. (इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी निघू नका.) जीव तोडून राऊंड मारणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगात काहीतरी हवंच.

खायचं म्हणजे ठेल्यावरचे तर्री पोहे नव्हेत. तर्री माझ्याही जीवाची आहे, पण तेलाचा तवंग आणि चणे पोटात तासन् तास बसून राहतात, पळताना तेच वर येतं. ते पळून झाल्यावर खा, पोटभर खा. आधी अर्धा-पाऊण तास एक केळं, नाहीतर गूळ लावलेली अर्धी पोळी, मूठभर मुरमुरे. एका केळ्यातून साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात, तेवढ्यावर सुरुवात छान होते. उठल्याबरोबर ग्लासभर पाणी प्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, रात्रीसुद्धा अंगाला घाम असतो, म्हणजे झोपेतून उठतानाच शरीर कोरडं झालेलं असतं.

भाचा आता साडेचारला उठतो. आदल्या रात्रीची पोळी, गूळ, वर पाणी. सुरुवातीला "मळमळतं" म्हणायचा, म्हणून दोन घासांपासून सुरू केलं. पंधरा दिवसांत पोटाला सवय झाली. मैदानावर पुन्हा बसला नाही.

नागपुरात मेस चालवणाऱ्या ताई-दादांना एकच विनंती आहे. भरतीच्या पोरांच्या रात्रीच्या डब्यात दोन पोळ्या आणि गुळाचा एक खडा जास्तीचा टाका. त्याचे पैसे पोरं देतील, मी विचारलंय त्यांना.