धातूसाठी घरगुती सीएनसी राउटर: पक्कं डळमळीत बांधण्याची रीत

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या हुकमाने, फिरत्या कटरने कापणारं यंत्र. ते बांधताना सगळ्यात आधी कामाचा आकार ठरवा, आणि ठरवताना हात आखडता घेऊ नका. कापायचे आहेत तळहाताएवढे अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट, हे खरं. पण उद्या कुणी दाराएवढी प्लेट घेऊन आलं तर? म्हणून १२०० बाय १२०० मिमीच्या खाली यायचं नाही. गँट्रीचा, म्हणजे टेबलावर कमानीसारख्या उभ्या सांगाड्याचा, आडवा बीम ४०० मिमीऐवजी १२०० मिमी केला की लांबी तिप्पट होते आणि तेवढ्याच जोराखाली बाक सत्तावीस पट. इतका घसघशीत परतावा देणारी दुसरी गुंतवणूक या कामात नाही. बॉलस्क्रू, म्हणजे मोटरच्या फिरण्याने भाग सरकवणारा स्क्रू, तोही लांबतो. लांबी दुप्पट झाली की तो ज्या वेगाला फटके मारू लागतो तो वेग चौथाईवर येतो, म्हणजे मोठ्या टेबलावर निवांत फिरण्याची सोयही आपोआप झाली.

गँट्री उंच ठेवा. कापायची प्लेट १० मिमी जाडीची असली तरी खाली २०० मिमी मोकळी जागा असलेली बरी, फोटोत यंत्र भारदस्त दिसतं. झेडचा, म्हणजे कटर वर-खाली नेणाऱ्या भागाचा, प्रवासही २०० मिमी घ्या आणि झेडवरच्या कॅरेज (रेलवर सरकणारे ठोकळे) एकमेकींपासून जेमतेम ६० मिमीवर बसवा. कटरचं टोक त्यांच्याखाली अडीचशे मिमीवर लोंबलं, की कॅरेजमधली एक मायक्रॉनची (मिमीच्या हजाराव्या भागाची) ढिलाई टोकाशी चार मायक्रॉन होऊन उतरते. कॅरेज लांब-लांब बसवून गँट्री बुटकी करणारे, किंवा गँट्री जागच्या जागी घट्ट बसवून टेबलच हलवणारे लोक असतात. त्यांची यंत्रं लहान, ठेंगणी आणि दिसायला कंटाळवाणी असतात. कापतात चांगली, पण ती गोष्ट वेगळी.

साहित्य निवडताना ‘मजबूत’ या शब्दावर श्रद्धा ठेवा. ६०६१ जातीच्याऐवजी ७०७५ जातीचं अ‍ॅल्युमिनियम घ्या. बरंच महाग आहे, तेव्हा ताठही असणारच. प्रत्यक्षात दोघांचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचं माप) ७० गिगापास्कलच्या आसपास आहे, म्हणजे त्याच जोराखाली दोन्ही सारख्याच वाकतात. ७०७५ मोडायला जास्त जोर लागतो इतकंच, आणि तुमची गँट्री मोडण्याची भीती कुणालाच नव्हती. साध्या लोखंडी पाइपाचा गुणांक दोनशेच्या घरात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. पण तो गंजतो, त्याला रंग लावावा लागतो आणि उचलताना कंबर धरते. बीमची उंची वाढवण्याच्या तर फंदात पडूच नका. भरीव पट्टीची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, आणि मग पुढच्या सुधारणांना वावच उरत नाही.

पाइप पोकळ वाटला तर त्यात वाळू भरा आणि ‘आता ताठपणा वाढला’ असं जाहीर करा. वाळूने वजन वाढतं, थरथर थोडी लवकर मरते. बाक होता तेवढाच राहतो. जास्त हौस असेल तर इपॉक्सी ग्रॅनाइट, म्हणजे खडी आणि इपॉक्सी राळेचं मिश्रण, ओता. खडी वेगवेगळ्या आकारांची घेतली तर वजनाने दहा-बारा टक्के इपॉक्सी पुरतं, पण ते मिश्रण सुकं, भुसभुशीत असतं आणि ठोकून, हलवून बसवावं लागतं. तुम्ही तीस टक्के घाला. सुंदर ओतलं जाईल, वर आरशासारखी तकाकी येईल, आणि आतून ते बऱ्याच अंशी प्लॅस्टिक असेल.

आता सांधे. चाळीस बाय चाळीस मिमीच्या, अंगाला खाचा असलेल्या प्रोफाइलचे तुकडे घ्या, बाजारी कोपरा-ब्रॅकेट आणि खाचेत बसणारे टी-नट लावा, हाताला घट्ट लागलं की काम झालं. इथे एक हिशेब आहे, तो वाचा आणि विसरा. कटरपासून कामाच्या तुकड्यापर्यंत जोर ज्या ज्या भागांतून जातो ते सगळे एकामागे एक जोडलेले स्प्रिंग असतात, आणि त्यांचे बाक बेरजेत येतात. समजा, बीम, झेड आणि टेबल या तिघांचा ताठपणा प्रत्येकी २० न्यूटन प्रति मायक्रॉन आहे, आणि चौथा, म्हणजे कोपऱ्यातला ब्रॅकेट, फक्त २ चा. एकूण ताठपणा येतो दीडच्या जरा वर. मग तुम्ही खर्च करून पहिले तिन्ही भाग दुप्पट ताठ केलेत, ४० वर नेलेत. एकूण आकडा पावणेदोनपर्यंत जाईल. तो ब्रॅकेट तिथेच असेल, आणि तिन्ही सुधारणांचे फोटो उत्तम येतील. ब्रॅकेट काढून १५-२० मिमी जाडीची प्लेट दोन्ही अंगांना बोल्टने कसणं, जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिन ठोकणं, असल्या कामांचे फोटो येत नाहीत.

रेल्स गोल दांडीच्या घ्या, खालून आधार असलेल्या. त्यांचं बेअरिंग आधारासाठी खालून उघडं असतं, त्यामुळे त्या बाजूच्या जोराला ते कमी पुरतं, आणि धातू कापताना जोर सगळ्याच बाजूंनी येतो. पण चौकोनी प्रोफाइल रेल, म्हणजे एचजीआर जातीची, घेतली तर एक संकट उभं राहतं: तिला सपाट जागा लागते. रेल कितीही ग्राइंड केलेली असली तरी बोल्ट कसले की ती खालच्या पृष्ठभागाचाच आकार घेते.

आणि सपाट जागा हा या छंदातला सर्वांत दुर्लक्ष करण्याजोगा भाग आहे, म्हणून तो नीट समजावून घ्या. लोखंडी फ्रेम वेल्ड करा, सगळे टाके एकाच बाजूने, एका दमात मारत जा. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि पाइपाला आपल्याकडे ओढतो; फ्रेमला पीळ पडतो. मग ताण काढायला ती भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सियसला तापवून सावकाश थंड करणं आणि त्यानंतर रेलची जागा मशिनिंग करून घेणं, हे पुस्तकी लोकांवर सोडा. तुम्ही रंग मारा, दोन हात, आणि रंगावरच रेल ठेवा.

अगदीच टोचणी लागली तर सेल्फ-लेव्हलिंग इपॉक्सी ओता, पण तेही आपल्या पद्धतीने. दोन रेलसाठी दोन वेगळ्या खाचा करा आणि त्यांना जोडणारी आडवी खाच मुळीच ठेवू नका, नाहीतर दोन्हीकडची पातळी एक होईल. खाचेची रुंदी बरोबर रेलएवढी ठेवा, कारण इपॉक्सी कडेला भिंतीवर चढतं आणि तो चढाव रेलच्या दोन्ही कडांखाली यायला हवा. रुंद खाच करून रेल मधल्या सपाट भागात बसवली तर कॅरेज सुरळीत पळतील. ओतल्यावर दुसऱ्या दिवशी बोट लावून बघा, चिकटत नाही म्हणजे झालंच. पूर्ण कडक व्हायच्या आत बोल्ट कसले की रेल आपली जागा आपणच दाबून घेते.

दुसरी रेल समांतर लावताना मोजायची टेप वापरा. पहिल्या रेलच्या कॅरेजवर डायल (बारीक सरक सुईने दाखवणारं मापक) बांधून, दुसऱ्या रेलच्या कडेवरून ती फिरवत एकेक बोल्ट कसत जाणं याला अख्खी दुपार जाते. टेपने पाच मिनिटं. नंतर गँट्री एका टोकाला लोण्यावरून सरकावी तशी सरकते आणि दुसऱ्या टोकाला अडते, तेव्हा मोटर मोठी लावा.

मोटरवरून आठवलं: अचूकतेचा आकडा छापायचा असेल तर स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर, ही मोठी उदार चीज आहे. एका फेऱ्यात २०० पावलं, प्रत्येक पावलाचे १६ मायक्रोस्टेप, स्क्रूची लीड (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ५ मिमी. भागाकार केला की ०.००१५६२५ मिमी येतात. हा आकडा सातही दशांश स्थळांसह लिहा. स्क्रू अचूकतेच्या सी७ वर्गाचा आहे आणि त्या वर्गात ३०० मिमीमागे ०.०५ मिमी चूक मान्य असते, म्हणजे तुमच्या आकड्याच्या बत्तीस पट, हे कुणी विचारत नाही. स्क्रूवरच्या नटमध्ये प्ले (मोकळी ढिलाई) असला तर सॉफ्टवेअरमधून बॅकलॅश भरपाई लावा. ती दिशा बदलताना तेवढं अंतर पुढे जाते. पण क्लाइंब कटमध्ये, म्हणजे दात टेबल सरकण्याच्याच दिशेने कापत असताना, कटरच टेबलाला पुढे ओढतो, तेव्हा त्या मोकळ्या जागेत टेबल आपण होऊन उडी मारतं आणि दात मोडतो. गोल भोक चारही बाजूंना पायरीदार होतं, ते नक्षी म्हणून खपवता येईल.

स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, मात्र दणकट घ्या: २.२ किलोवॅट, २४,००० आरपीएम, वॉटर-कूल्ड. त्याने स्टील कापायचं ठरवा. १० मिमी कार्बाइड कटरला मिनिटाला ८० मीटर वेग द्यायचा तर स्पिंडल २,५०० आरपीएमच्या आसपास फिरायला हवा, आणि असा स्पिंडल तिथे, चांगल्यात चांगला हिशेब धरला तरी, सव्वादोनशे-अडीचशे वॅट देतो. बाकीचे दोन किलोवॅट माहितीपत्रकात सुरक्षित राहतात.

यंत्र किंचाळू लागलं की फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी करा, फक्त फीड. ६ मिमीच्या एका दातवाल्या कटरला १६,००० आरपीएमवर, दातामागे ०.०४ मिमी धरून, ६४० मिमी प्रति मिनिट फीड बसतो. तुम्ही १०० वर आणा. दातामागे ०.००६ मिमी उरतात. एवढ्यात धार कापत नाही, घासते. अ‍ॅल्युमिनियम तापून धारेवर चिकटतं, खाच भरते, कटर तुटतो. मग म्हणायला मोकळे: नाचता येईना, अंगण वाकडं. कटर कोलेटमध्ये, म्हणजे त्याला पकडणाऱ्या चिमट्यात, आत सरकवून ४० मिमीऐवजी २० मिमी बाहेर ठेवला तर त्याचा बाक आठवा हिस्सा होतो, पण त्यासाठी पाना शोधावा लागतो.

वायरिंगमध्ये व्हीएफडीची (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या डब्याची) केबल बिनशील्डची घ्या आणि लिमिट स्विचच्या (प्रवासाच्या टोकाला यंत्र थांबवणाऱ्या स्विचच्या) तारांसोबत एकाच साखळीत ओवा. स्पिंडल सुरू होताच यंत्र आपणहून थांबेल; यालाच सुरक्षितता समजा. टेबल एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीचं) ठेवा आणि त्यावर कूलंट सोडा. फुगतं.

शेवटी तपासणी. लोक स्पिंडलच्या नाकाला स्प्रिंगचा काटा अडकवून १० किलोने ओढतात, डायलचा स्टँड टेबलावर, कामाचा तुकडा जिथे बांधतात तिथे ठेवतात आणि सुई बघतात. वरच्या हिशेबातल्या यंत्रावर ती साधारण ६५ मायक्रॉन सरकेल. मग ते डायल एकेक सांध्यावर नेतात: स्पिंडलचा क्लॅम्प, झेडची प्लेट, बीम, बाजूची पट्टी, आणि सुई कुठे एकदम जास्त हलायला लागते ते पाहतात, चोर तिथेच सापडतो. तुम्ही हे करू नका. स्टँडचा मॅग्नेट अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, पण झेडच्या रेलला छान चिकटतो. स्टँड त्या रेलवर लावा, डायलची सुई झेडच्या प्लेटला टेकवा आणि ओढा. जवळजवळ शून्य दाखवेल.