शंका कुठली आहे ते आधी बघा, मग "प्रार्थना करा" म्हणा

दर शुक्रवारी रात्री, झोपण्याआधीच्या प्रार्थनेत, जगभरातले कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी स्तोत्र 88 म्हणतात. बायबल काढून वाचून बघा. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटी देवाची स्तुती करून मोकळी होतात. हे होत नाही. तू माझ्यापासून तोंड का लपवतोस, असं ते देवाला तोंडावर विचारतं आणि काळोखातच संपतं. शुक्रवार हा ख्रिस्ताच्या मरणाचा वार, म्हणून चर्चनं ते त्या दिवशी बसवलंय.

आणि आपल्याकडे संडेस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या पोरानं "देवानं हे का होऊ दिलं?" असं विचारलं, की टीचर म्हणतात, "असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो."

ख्रिस्ती माणसानं शंका घ्यावी का, हा वाद घालायला आपल्याला फार उशीर झालाय. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून येशूला निरोप धाडतो की येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहावी? मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य पुनरुत्थित येशूला नमन करतात आणि त्याच ओळीत काहींना संशय वाटला असं लिहिलंय. येशूनं त्यांना बाजूला काढलं नाही, सगळ्यांना एकाच कामाला धाडलं. येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाला तर आपण फुकट बदनाम केलंय. योहान 20:20 बघा, बाकीच्यांना येशूनं पहिल्याच संध्याकाळी हात आणि कूस दाखवली होती. थोमा तेव्हा तिथं नव्हता. त्यानं मागितलं ते इतरांना न मागता मिळालेलंच होतं. शिवाय पुढचे आठ दिवस तो "मी नाही मानणार" म्हणत त्यांच्यातच वावरला, आणि कुणी त्याला घराबाहेर काढलं नाही.

तेव्हा परवानगीचा मुद्दा निकालात. खरी गोची पुढे आहे. शंका पाच-सहा जातींच्या असतात आणि आपण सगळ्यांना एकच उत्तर देतो: प्रार्थना वाढव. माणसं शंकेमुळे कमी आणि या उत्तरामुळे जास्त जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत सोपी शंका मजकुराची. पैसे घेऊन येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं मरण घ्या. मत्तय 27 मध्ये तो पैसे मंदिरात फेकून गळफास घेतो आणि त्या पैशांतून शेत याजक विकत घेतात. प्रेषितांची कृत्ये 1 मध्ये शेत तो स्वतः घेतो आणि तिथं पडून त्याचं पोट फुटतं. पाळकसाहेब लगेच सांगतात, दोरी तुटली असेल. पोरगं मान हलवतं, घरी जाऊन गुगल करतं, आणि शेत कुणी घेतलं याला दोरीचं उत्तर लागू पडत नाही हे त्याला दोन मिनिटांत कळतं. त्यानंतर ते पाळकांना काही विचारत नाही.

यापेक्षा दोन्ही उतारे शेजारी ठेवा, पेन्सिल घ्या. जुळतं त्याखाली रेघ, जुळत नाही त्याला गोल. मग दोन प्रश्न: हा लेखक ही गोष्ट कशासाठी सांगतोय, आणि गोल केलेल्या जागेवर माझ्या विश्वासातलं नेमकं काय उभं आहे? बहुतेक वेळा फारसं काही नसतं. मार्क 16 मधल्या 9 ते 20 या ओळी सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हेही दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गातच सांगून टाकावं. व्हॉट्सॲपवरून ते कळलं की मुलाला वाटतं, आपल्यापासून लपवलं होतं.

दुसरी शंका सिद्धांताची. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), नरक, आणि आपल्या महाराष्ट्रात हमखास येणारा प्रश्न: पणजोबा ख्रिस्ती नव्हते, त्यांचं काय? इथं गप्प बसवण्यात काही अर्थ नाही, कारण प्रत्येक चर्चचं याबाबत लिखित म्हणणं आहे किंवा निदान मतभेद तरी लिखित आहेत. कॅथलिकांसाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या दस्तऐवजात स्पष्ट आहे की ज्यांना स्वतःच्या दोषाविना सुवार्ता कळली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. प्रॉटेस्टंटांत एकमत नाही. मग "एकमत नाही, कोण काय म्हणतं ते हे असं" इतकं सांगावं. तेवढ्यानंही पोरं थांबतात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथं द्यायलाच हवं. 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा, आणि लगेच त्रैक्यावरून, ते मांडणाऱ्या अथनेशियसच्या मतांगीकारावरून तिथल्या धर्मभगिनी सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून खडाजंगी. मोठ्या कष्टानं इकडच्या पुरोहितांचं जोखड उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, या अर्थाचं रमाबाईंनी 1885 मध्ये जेराल्डिनना लिहिलं. ज्यांच्या लिखाणानं त्यांच्या काही शंका फिटल्या ते नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे. 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही स्वतः शंकांशी झुंजणारे. त्या अशा "हट्टी" रमाबाईंनीच पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आजच्या एखाद्या मंडळीत त्यांना शांत बसायला सांगितलं असतं, पैज लावा.

थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडितानं तेराव्या शतकात नवशिक्यांसाठी म्हणून ग्रंथ लिहिला, त्यात "देव आहे का?" या प्रश्नाची सुरुवात "देव नाही असं दिसतं" अशी होते. आधी दोन आक्षेप: जगात वाईट आहे, आणि देवावाचूनही जगाचा उलगडा होतो. उत्तर त्यानंतर. आजचा कुठलाही नास्तिक यूट्यूबर याच दोन पायांवर उभा असतो.

तिसरी शंका दुःखातून येते, आणि तिच्याशी वाद घालू नये. लेकरू गेलेल्या आईला "देवाची योजना" समजावणारे म्हणजे बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र. ते मित्रसुद्धा आधी शहाणे होते. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी अवाक्षर काढलं नाही. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. शेवटी 42 व्या अध्यायात देव त्यांतल्या अलीफजावर संतापतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. लक्षात घ्या, देवावर फिर्याद करणारा "नीट" ठरला आणि देवाची वकिली करणारे चुकले. अशा घरी जाताना डबा न्यावा, दाखले आणि कागदपत्रांची कामं वाटून घ्यावीत, तिनं मागितलं तर स्तोत्र 88 वाचावं. पहिल्या स्मृतिदिनाला पुन्हा जावं. तोवर बाकी सगळे यायचे थांबलेले असतात.

चौथी शंका देवाबद्दल नसतेच. ती माणसांबद्दल असते, आणि आपण तिला विश्वासाचा प्रश्न बनवून दाबतो. चर्चमध्ये जात पाळली जाते म्हणून कुणी विचारलं, "हा कसला धर्म?", तर त्यावर वचनं ऐकवू नका. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 2016 च्या दलित धोरणात हा भेदभाव स्वतः कबूल केलाय. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो या त्याविरुद्धच्या कायद्याच्या 19 व्या कलमाखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि पोपनी 2019 मध्ये प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची उघड सोय करायला सांगितलंय. तिथं क्षमेवर प्रवचन देणारा माणूस दुसरं नुकसान करतो.

आपण का दाबतो, तेही कळतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम 1 टक्का. सगळे एकमेकांचे सोयरे. लग्नाला दाखला पाळकांचा किंवा फादरांचा. त्यात घरातला प्रश्न बाहेर गेला तर विरोधकांच्या हाती आयतं कोलीत. भीती खरी आहे. पण तिचा खर्च पोरांनी का सोसायचा?

पाचवी शंका म्हणजे कोरडेपणा. काहीच वाटत नाही, प्रार्थना भिंतीवर आपटून परत येते. इथं जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलाचा नियम कामाचा: उदासीच्या काळात आधी केलेला निर्णय बदलू नये. चर्च सोडायचं की नाही हे रात्री दीड वाजता ठरवू नये. लांब प्रार्थना जमत नसेल तर एक स्तोत्र, पाच मिनिटं, रोज ठरल्या वेळी. फ्रान्समधली संत, लिझ्यूची तेरेसा 1896 च्या ईस्टरपासून पुढच्या वर्षी सप्टेंबरात मरेपर्यंत अशाच अंधारात होती, आणि मदर तेरेसांची 2007 मध्ये छापली गेलेली पत्रं सांगतात की त्यांचा अंधार दशकानुदशकं टिकला. मात्र "मदर तेरेसांनाही असं व्हायचं" हे वाक्य समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकल्यावरच वापरा. आधी वापरलंत तर ते तोंड बंद करण्याचं हत्यार होतं.

"मग याकोब 1:6 चं काय?" ही कमेंट येणारच. संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा. बरोबर. पण एक ओळ मागे जा: देव दोष न लावता सर्वांना देतो, त्याच्याकडे ज्ञान मागा. म्हणजे मागणाऱ्याला बोल लावायचा नाही, हे त्याच परिच्छेदात आहे. यहूदाच्या पत्राची (हा यहूदा वेगळा) 22 वी ओळ तर संशय धरणाऱ्यांवर दया करा म्हणते. मर्यादा आहेतच. 1992 ची कॅथलिक धर्मशिक्षा जाणूनबुजून नाकारण्यातली आणि आपोआप येणारी शंका यांत फरक करते, आणि दुसरीही मुद्दाम जोपासली तर माणूस आत्म्यानं आंधळा होऊ शकतो असं बजावते. प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाची सतराव्या शतकातली वेस्टमिन्स्टर विश्वास-कबुलीही म्हणते की खऱ्या विश्वासणाऱ्याला खात्री मिळायला बराच काळ झगडावं लागू शकतं. आणि वेदीवरून बोलणाऱ्यानं चर्चचा विश्वास शिकवावा, कालची स्वतःची शंका मंडळीच्या माथी मारू नये.

एक जात उरली, जिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. माझा बाप्तिस्मा खरा झाला का, पापनिवेदनात काही राहिलं का, मनात देवाची निंदा आली म्हणजे मी गेलोच का, हे दिवसातून पन्नासदा विचारणारा माणूस. याला उत्तरं देत राहिलात तर त्रास वाढतो. प्रत्येक उत्तराचा आराम तासभर टिकतो आणि प्रश्न पुन्हा उगवतो. इग्नेशियस स्वतः स्पेनमधल्या मानरेसात यानं जीव द्यायच्या विचारापर्यंत गेला होता. जुना उपाय असा: एकच धर्मगुरू धरायचा, त्यानं "झालं" म्हटलं की झालं, तेच पाप पुन्हा सांगायचं नाही. यातले बरेच जण ओसीडीचे (तेच विचार पुन्हापुन्हा छळण्याच्या मानसिक आजाराचे) रुग्ण असतात, म्हणून त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यावी आणि धर्मगुरूला तसं सांगून ठेवावं, म्हणजे दोघं एकमेकांच्या उलट सल्ला देणार नाहीत.