ड्रेस फाटतो, ओढणी फाटत नाही

आपापली पेटी उघडून बघा. पंजाबी ड्रेस काखेत फाटले, विटले, त्यांची फडकी झाली. ओढण्या मात्र घडीच्या घडी तशाच. आता पोरी कुर्त्यावर ओढणी घेत नाहीत, आणि उन्हात तोंडाला बांधायला एक स्टोल पुरतो. माझ्या पेटीत सतरा निघाल्या. वर सासऱ्यांच्या सत्काराच्या शाली. ते एक टर्म सरपंच होते ना. ऊन ४५ च्या वर गेलं तरी आपल्याकडे माणसाला शालच पांघरतात.

या सगळ्याचे नवे कपडे करायचे ठरवले. शालींची जाकिटं झाली, त्यात विशेष काही नाही. फक्त कापल्याबरोबर कडेला पिको मारा, नाहीतर धागे सुटत राहतात. खरा जीव गुंतला तो ओढण्यांत.

मी आर्वीकडच्या एका खेड्यात फॉल-पिको करते, क्रोशे माहेरी शिकलेली. अनुभवाने सांगते, प्रत्येक ओढणीचा कपडा होत नाही. काठाचा एक धागा ओढून काडी लावायची. सुती असला तर कागदासारखा जळून राख भुरभुरते. पॉलिएस्टर असला तर आकसून काळा टणक मणी होतो. सतरापैकी बारांचे मणी झाले! कापूस आपल्या वावरात आणि पेटीत सगळं पॉलिएस्टर. त्याने घाम टिपला जात नाही, अंगाला चिकटतं. त्या बारांचे पडदे केले.

उरलेल्या सुतींपैकी मोरांची ओढणी पोरीच्या कुर्त्यासाठी घेतली. सव्वादोन मीटर, म्हणजे ८८ इंच. मधोमध दुमडली की खांद्याला शिवण लागत नाही, उंची ४४ मिळते. पन्हा ३६. त्यातला २० अंगाला, उरलेल्या १६ इंची पट्टीत बाह्या. दोन्ही कुशींना दोन-दोन इंचांची क्रोशाची जाळी. क्रोशाची सुई सरळ कापडात खुपसू नका, पातळ कापड चिरतं. आधी कड दुमडून टीप मारायची, मग जाड दोऱ्याने काजाला घालतो तसा टाका जवळजवळ घालत जायचं. त्या फाशांत क्रोशाची सुई घालून खांब, म्हणजे उभे टाके, विणायचे. एक खांब, दोन साखळ्या, परत खांब. बगलेत हवा खेळते.

दोन चुका झाल्या. दोरा आधी भिजवला नाही, पहिल्याच धुण्यात जाळी आटली आणि कुशी वर ओढल्या गेल्या. उसवून परत विणली. दुसरी चूक दुरुस्त होण्यासारखीच नव्हती. ओढणी दुमडल्यामुळे पुढचे मोर सरळ आणि पाठीवरचे सगळे शीर्षासनात. पोरगी म्हणे, "राहू दे, डिझाइन आहे म्हणून सांगतो." कॉलेजात खपलंही.

आता माझं खरं दुखणं. एका लग्नात नागपूरच्या एका ताईंना तो कुर्ता आवडला. त्यांच्या ओढणीचा करून देते, ९०० होतील म्हटलं. त्या म्हणाल्या, "ओढणी तर माझी जुनीच राहील, मग ९०० कशाचे?" मी हिशेब सांगितला. दोरा दीडशेचा. काम बावीस तासांचं, म्हणजे निंदणाचे तीन रोज, अडीचशेने साडेसातशे. शिलाई मशीन आणि वीज धरलीच नाही. त्या दीडशेला तयार होत्या. म्हणजे नुसत्या दोऱ्याला!

टाकाऊतून टिकाऊ म्हटलं की लोकांना हातही टाकाऊ वाटतात. कपडा फुकटचा आहे, कबूल. रात्री साडेअकरापर्यंत पिवळ्या बल्बखाली डोळे फोडून मोजलेले खांब फुकटचे कसे झाले?

शहरातल्या ताईंचं मला तेवढं लागलं नाही. लागलं ते बचत गटातल्या बाईचं. रोज माझ्यासोबत निंदणाला असते. पिशवीतून ओढणी काढली, भाव ऐकला आणि म्हणाली, "इतले पैसे कायले वं? बसल्या जागचं तर काम आहे."

मी म्हटलं, "मंग तू उद्याचं निंदण फुकट करशीन काय?"

ती हसली आणि ओढणी घडी करून परत पिशवीत ठेवली.