उंबराचं पाणी आणि मरियेचं 'होवो'

परवा भाचीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही उंबराचं पाणी आणायला निघालो होतो, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत आणतात ते पाणी. ठाण्यातलं आमचं गावठाण, पुढे बँड, मागे लाल लुगड्यांतल्या बायका, आणि विहीर आता एका टॉवरच्या पार्किंगला खेटून. तिथे नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई नवरीच्या कानाशी लागल्या. "बाय, सासरी मरियेसारखं राहायचं. 'होवो' म्हणायचं. उलट प्रश्न विचारायचे नाहीत."

बँडच्या गोंगाटात मी गप्प बसले. रात्री झोप लागेना, म्हणून इथे लिहितेय.

हे 'होवो' येशूची आई मरिया हिचं, आमच्या त्रिकाळ प्रार्थनेतलं. जुनी माणसं तिला आंजेलुस म्हणतात. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. चर्चच्या घंटेचे तीन-तीन-तीन ठोके, मग सलग घंटा. तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीनंतर एक 'नमो मरिया'. शेजारच्या हिंदू मैत्रिणींना मी सांगते, तिन्हीसांजेला तुमच्याकडे दिवा लागतो ना, तसंच काहीसं. संध्याकाळची घंटा सगळ्यात जुनी. दुपारची मात्र लढाईतून आलेली: 1456 मध्ये तुर्की फौजा बेलग्रेडवर चालून आल्या, तेव्हा तिसरे कॅलिक्स्टस पोप होते, त्यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करायला सांगितलं. थोडक्यात, तेव्हा खरोखरच बारा वाजायची वेळ आली होती.

आता त्या तीन ओळी. पहिलीत देवदूत मरियेला निरोप देतो, की तिच्या पोटी देवाचा पुत्र येणार. दुसरीत ती म्हणते, "पाहा, मी प्रभूची दासी! आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो." तिसरी योहानाच्या शुभवर्तमानातली: शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. म्हणजे देव माणूस होऊन आला.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधलं काहीतरी गाळलंय. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून बघा. 'होवो' आहे अडतिसाव्या वचनात. त्याच्या चारच वचनं आधी, चौतिसाव्यात, मरिया त्या देवदूताला, गब्रिएलला, सरळ विचारते, "हे कसे होईल?" देवदूत रागावत नाही. तो तिला नीट समजावून सांगतो, म्हातारपणी गरोदर राहिलेल्या तिच्या नात्यातल्या अलीशिबेचा दाखलाही देतो, आणि मग ती 'होवो' म्हणते. रोज म्हणायची प्रार्थना आटोपशीर हवी म्हणून प्रश्न गळला असेल, माझी हरकत नाही. पण गळलेला प्रश्न म्हणजे न विचारलेला प्रश्न नव्हे.

कुणी म्हणेल, त्याच अध्यायात अलीशिबेच्या नवऱ्याने, जखऱ्याने, मुलगा होणार हे ऐकून देवदूताला प्रश्न विचारला तर तो मुका झाला! झाला खरा. तो खूण मागत होता, आणि तो तर देवळातला याजक. नासरेथच्या पोरीला मात्र उत्तर मिळालं. हे आमच्या घरातल्या पुरुषांना मी अधूनमधून ऐकवते.

आणखी एक. देवदूत तिच्या बापाकडे गेला नाही, जिच्याशी लग्न ठरलं होतं त्या योसेफकडेही आधी गेला नाही. तिच्याकडेच आला, आणि उत्तराची वाट बघत थांबला. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डच्या एका प्रवचनात तर देवदूतासकट अख्खं जग तिच्या तोंडाकडे बघत ताटकळलंय.

आमची आजी दुपारी बाराला बोंबील साफ करत बसलेली असायची. घंटा झाली की विळी बाजूला सारायची, हात तसेच बोंबलाचे, दोन्ही तळवे वर धरून पुटपुटायची. तिसऱ्या ओळीला एक गुडघा जमिनीला टेकवायची. मी एकदा विचारलं, इथेच का गं? ती म्हणाली, "देव वस्तीला आला ना."

वस्तीला! आजीला ग्रीक कुठलं यायला, पण मूळ ग्रीकमध्ये त्या जागी तंबू ठोकून राहिला असाच शब्द आहे. गावाकडची वस्तीची एसटी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे लगेच कळेल. ती गाडी येऊन लगेच परत फिरत नाही. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच जेवतात, तिथेच अंथरूण टाकतात, पहाटे गावाबरोबर उठतात. देव आला तो असा, मुक्कामाला. आणि ज्या घरी उतरायचं त्या घरच्या पोरीला आधी विचारून आला.

उद्या भाची पाचपरतावण्याला येतेय. चौतिसाव्या वचनावर पेन्सिलीने खूण करून बायबल तिच्या बॅगेत टाकणार आहे. त्या बाईंनाही जेवायला बोलावलंय. बोंबील आणलेत, साफ त्यांनाच करायला लावीन, बरोब्बर बाराला.