मत आधी, चेंडू मागून

क्रिकेटचा सामना मोबाइलवर बघणाऱ्या माणसाला सोसायटीत इज्जत नसते. आमच्याकडची केबल काढून टाकली, कारण ‘सगळं मोबाइलवर दिसतं’. दिसतं, नाही असं नाही. फक्त सगळ्या डोंबिवलीला दिसून झाल्यावर दिसतं.

याचं तांत्रिक कारण आमच्या चिरंजीवांनी मी न विचारता समजावलं आहे. मैदानावरचं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापतात, दाबून बारीक करतात, ठिकठिकाणच्या सर्व्हरवर पाठवतात आणि मध्येच अडकायला नको म्हणून मोबाइल काही तुकडे गाठीशी बांधून मगच दाखवायला लागतो. टीव्हीचं चित्र ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाला भेटून खाली येतं, तरी आधी पोचतं. आमचं जमिनीवरून येतं. वाटेत चहाला थांबत असावं.

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे केबल आहे आणि आवाजही आहे. त्यांचं ‘गेलाऽऽ’ वर येतं, तेव्हा माझा गोलंदाज रनअपच्या टोकाला चेंडू पँटला घासत उभा असतो. फलंदाज बिचारा ग्लोव्हज घट्ट करत असतो. त्याला काही कल्पना नसते, मला असते. ‘अरे, हा सोडून दे’ असं मी सांगूनही पाहिलंय.

काका निदान नुसते ओरडतात. खरा छळ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा. तिथे बातमी येतच नाही, थेट मत येतं. ‘याला टीममध्ये घेतलाच कशाला?’ म्हणजे विकेट पडणार. ‘घ्या अजून रिव्ह्यू!’ म्हणजे रिव्ह्यू फुकट जाणार. काय घडणार आहे ते मला लोकांच्या मतांवरून ओळखावं लागतं.

२९ जून २०२४ ची रात्र घ्या. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्यात, समोर मिलर, चेंडू हार्दिक पंड्याच्या हातात. माझा हार्दिक अजून फील्डिंग लावत होता आणि खालून काकांचं ‘गेलीऽऽ सिक्स!’ आलं. मग क्षणभर काहीच नाही. मग पाटा-वरवंटा पडावा तसा दणका. पाठोपाठ ग्रुपवर मेसेज : ‘पाय लागला का हो दोरीला?’

कोणाचा पाय? कुठली दोरी? ग्रुपमध्ये तोवर ‘लागला’ आणि ‘नाही लागला’ असे दोन पक्ष पडले होते. ‘तुमचं काय मत?’ मला नाव घेऊन विचारलं गेलं. ‘मुळीच नाही लागला,’ मी ठणकावून लिहिलं. त्यानंतर मिलरने चेंडू मारला. लाँगऑफला सूर्यकुमारने तो पकडला, वर उडवला, स्वतः दोरीपलीकडे गेला आणि आत येऊन पुन्हा झेलला. तिसऱ्या पंचाचंही माझ्यासारखंच मत पडलं. आपण ७ धावांनी जिंकलो. नंतर चर्चा दोरीच मुळात मागे सरकवली होती इथवर गेली, पण तोवर मी ग्रुपमधला जाणकार झालो होतो.

बातम्यांच्या वाहिन्या तरी वेगळं काय करतात? त्याच जूनच्या १ तारखेला संध्याकाळी त्यांनी लोकसभेच्या जागा वाटून टाकल्या. ४ तारखेला खरे आकडे आले, तेव्हा बऱ्याच जणांची या आकड्यांशी पहिलीच भेट होती. पण आठ चौकटींतले आठ जण जराही डगमगले नाहीत; आता त्यांच्याकडे असं का झालं याचं मत तयार होतं.

आमच्या घरात एकटी आई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मत देत नाही. परवा पायचीतचा रिव्ह्यू होता.

‘चेंडू स्टंपला लागतोय ना?’

‘लागतोय.’

‘मग बाद.’

‘नाही आई. अर्ध्याहून कमी चेंडू लागतोय आणि पंचाने नाबाद दिलंय, म्हणून नाबाद. अंपायर्स कॉल.’

‘आणि त्याने बाद दिलं असतं तर?’

‘तर बाद.’

‘एवढाच लागला असता तरी?’

‘एवढाच.’

‘मग ते यंत्र कशाला आणलंय?’

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात खालून काकांनी ‘आऊऽट!’ अशी आरोळी ठोकली. पुढच्या चेंडूवरची.

‘बघ,’ आई म्हणाली, ‘त्यांनासुद्धा पटलं.’